कडधान्य शिजवणं वेगळं, उसळ करणं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला घोडबंदर रोडला, घरात पाच माणसं. तुम्ही दोघं नोकरीवर, सासूबाई, आठवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. भाजीचे भाव आणि आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवणं परवडेना म्हणून महिन्याच्या सामानात पाच-सहा कडधान्यं भरलीत. पण भिजत घालायचं लक्षात राहत नाही. राहिलंच तर छोले दहा शिट्ट्या झाल्या तरी टणक आणि मटकीचा एका शिट्टीत गाळ. मुलं ‘परत उसळ?’ म्हणून तोंड फिरवतात, सासूबाईंचं पोट फुगतं. यातून रोजचं, सोपं, कमी खर्चाचं जेवण बसवायचं कसं?

मी २४ वर्षं डबे केले. सुरुवात कळव्याला, मग वर्षभर तुमच्याच बाजूला कासारवडवलीला आणि नंतर कायमची ऐरोलीत. रबाळे-महापेच्या कंपन्यांत माझे डबे जायचे, भरात असताना दिवसाला ८५. माहेर कुडाळकडचं, सासर कराडकडचं, त्यामुळे काळे वाटाणे आणि अख्खा मसूर दोन्ही माझ्या ओट्यावर गुण्यागोविंदाने नांदले. हे सांगायचं कारण एवढंच की ८५ जणांचं कडधान्य दुपारी बाराच्या आत मऊ व्हावंच लागतं, तिथे नशिबावर सोडून चालत नाही. होतील तेवढ्या चुका मी करून बसलेय.

तुमचं दुखणं पाककृतीचं नाही. तुम्ही संध्याकाळी सातला घरी येता आणि ‘आज मटकीची उसळ’ असं एकच काम डोळ्यासमोर धरता. ती कामं दोन आहेत. भिजवून मऊ शिजवणं हे एक. त्याला वेळ लागतो, पण तुम्ही तिथे उभं राहायची गरज नसते. फोडणी देऊन त्याची आमटी, उसळ, भेळ, थालीपीठ करणं हे दुसरं. त्याला तुम्ही लागता, पण पंधरा-वीस मिनिटंच. मिसळवाला ही दोन्ही कामं कधी एका दमात करत नाही. त्याच्याकडे पहाटेच मटकी किंवा वाटाणा उकडून तयार असतो, कट दुसऱ्या पातेल्यात उकळत असतो, आपण जाऊन बसलो की दोघांची गाठ घालून देतो. घरातही तेच करायचं. आठवड्यातून दोनदा कुकरभर कडधान्य नुसतं मीठ-हळद घालून शिजवून ठेवायचं आणि रोज त्यातलं काढायचं.

आता छोल्यांचं. घोडबंदर रोड वाचलं तेव्हाच मला शंका आली. सोसायटीला टँकर येतो का, किंवा बोअरिंगचं पाणी टाकीत मिसळतात का, ते आधी विचारा. विचारायचं नसेल तर नळाकडे बघा. तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरट खरवड बसत असेल, साबणाला फेस धरत नसेल, तर पाणी जड आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. शिजताना ते विरघळलं की दाणा मऊ होतो. कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधून टाकतं, मग दहा काय, पंधरा शिट्ट्या केल्या तरी साल चामड्यासारखं राहतं.

कासारवडवलीच्या त्या वर्षात मी एका दुकानदाराशी यावरून दोनदा भांडले. जुना माल गळ्यात मारतोस म्हणून पाच किलो छोले परत दिले. तो बिचारा शपथा घेत होता. पुढे एकदा ऐरोलीला बहिणीकडे राहायला जाताना त्याच दुकानातल्या नव्या पिशवीतले छोले सोबत नेले, तर तिच्याकडे ते लोण्यासारखे शिजले. तिच्या नळाला नवी मुंबई महापालिकेचं पाणी, आमच्या टाकीत मार्च ते जून टँकर. भांडण पाण्याशी करायचं होतं, ते मी वाण्याशी केलं.

उपाय दोन, दोन्ही साधे. पहिला, भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालायचं, लिटरला एक मोठा चमचा. ‘मिठाने कडधान्य शिजत नाही’ असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, त्यामुळे हे वाचून सासूबाई हसतील. पण मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. सकाळी ते पाणी ओतून दाणे दोनदा धुवायचे, खारट लागत नाही. दुसरा, भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला पिण्याचं आरओचं पाणी वापरायचं. अर्धा किलोला सगळं मिळून चार-साडेचार लिटर लागतं, तेवढं चालतं.

तिसरा उपाय खायचा सोडा, तो मी शेवटचा धरते. सोड्याने दाणे झटपट शिजतात हे खरं, पण ब-१ जीवनसत्त्व बरंचसं जातं, साल सुटून तरंगायला लागतं आणि जरा हात जड पडला की साबणाची चव येते. टँकरचं पाणी आणि जुने छोले असा दुहेरी प्रसंग असेल तर पाव किलोला चिमूटभर. त्याहून जास्त नाही.

आंबटाचंही तसंच. चिंच, आमसूल, टोमॅटो, दही यातलं काहीही दाणा शिजण्याआधी पडलं तर दाणा अडून बसतो. गुळाचंही तेच, त्यातही कॅल्शियम असतं. आपल्याकडे उसळीत चिंच-गूळ शेवटी घालतात ते नुसत्या चवीसाठी नाही. टोमॅटो घातलेल्या ग्रेव्हीतच कच्चे छोले टाकून कुकर लावायची रीत मोबाईलवर हल्ली बरीच दिसते. तुमच्या पाण्यात ती चालणार नाही.

मालाचं वयही बघावं लागतं. कडधान्य खराब होत नाही म्हणून दोन-दोन वर्षं डब्यात पडून राहतं, पण आपल्या दमट हवेत ते आतून कडक होत जातं आणि एका मर्यादेपुढे कितीही भिजवा, शिजत नाही. हरभरा रब्बीचा, नवा माल मार्चपासून यायला लागतो. मूग, मटकी, चवळी, उडीद खरिपातले, ते दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवे मिळतात. मी हरभरे एप्रिलात घेते आणि मटकी दिवाळीनंतर. ठाण्यात जांभळी नाक्याला किराणा आणि धान्याची जुनी दुकानं आहेत, तिथे उघड्या पोत्यातला दाणा हातात घेऊन बघता येतो. तळाला पीठ नको, भोकं नकोत, रंग मळकट आणि साल सुरकुतलेलं नको. वाशीच्या बाजार समितीचं धान्य मार्केट घाऊक आहे, पाच घरांनी मिळून पोतं घ्यायचं असेल तरच तिकडे जा. एकट्या घराने ‘स्वस्त मिळालं’ म्हणून दहा किलो भरायचं आणि पावसाळ्यात भुंगे वेचत बसायचं, यात बचत कसली.

भुंग्यांसाठी माझी आई उन्हं देऊन कडुनिंबाचा पाला घालायची. तुमच्या इमारतीत गच्चीला कुलूप असणार. तेव्हा आणलेली पिशवी तशीच घट्ट बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. दाण्यात असलेली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पिशवी खोलीच्या हवेला येऊ द्या, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं. मग कोरड्या डब्यात.

भिजत घालायचं विसरतं सगळ्यांचंच. आठवण ठेवायचा प्रयत्न करू नका, एखाद्या रोजच्या गोष्टीला ते काम बांधून टाका. मी दरवाजाला कडी घालायच्या आधी भिजत घालायचे. माझी सून मोबाईल चार्जिंगला लावताना घालते, तिचं एकदाही चुकलेलं नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये रात्रभर ओट्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या उकाड्यात दहा तासांत पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो. भांडं फ्रीजमध्ये ठेवा, तिथे भिजायला थोडा जास्त वेळ लागतो, पण काही बिघडत नाही.

एवढं करूनही विसरलात तर कडधान्य पाण्यात घालून दोन मिनिटं खळखळ उकळायचं, गॅस बंद करून झाकून तासभर ठेवायचं, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात कुकर लावायचा. छोले, वाटाणे, हरभरे यांना हे जमतं. चवळी, मूग आणि अख्खा मसूर तर न भिजवताही कुकरला होतात, फक्त शिट्ट्या जास्त. म्हणून मी प्रत्येक नव्या सुनेला सांगते की घरात चवळी आणि मसूर संपू द्यायचे नाहीत.

राजमा मात्र या सवलतीत बसत नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, त्याने दोन-तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. चार-पाच कच्चे दाणेही त्याला पुरेसे असतात. किमान पाच तास भिजवायचं, पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात पूर्ण उकळी देऊन शिजवायचं. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे ते लेक्टिन मरतं. धोका असतो तो मंद आचेवर कोमट-गरम ठेवून शिजवण्यात, कारण ७५-८० अंशांवर ते नष्ट होत नाही, उलट वाढल्यासारखं वागतं. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी गॅस वाचवायला मी पातेलंभर राजमा उकळी फुटायच्या आत उतरवून चादरीत गुंडाळून ठेवला होता. त्या दुपारी एका कंपनीतून तिघांचे फोन आले. पैसे परत केले, माफी मागितली. तेव्हापासून राजमा कुकरशिवाय नाही, आणि दाताखाली एकही दाणा कचकचला तर परत कुकर.

शिट्ट्यांबद्दल. शिट्टी हे काही माप नाही. कुकर किती भरलाय, रिंग किती जुनी आहे, आच किती मोठी, यावर शिट्टी कधी वाजणार ते ठरतं. तुमच्या मटकीचा गाळ आणि छोल्यांचे खडे एकाच सवयीतून आले, मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसायच्या. पहिली शिट्टी होऊ द्या, मग गॅस अगदी बारीक करून घड्याळ बघा. भिजवलेली चवळी आणि अख्खा मसूर पाच मिनिटं. हिरवे-पांढरे वाटाणे आठ-दहा. हरभरे पंधरा, काळे वाटाणे आणि छोले पंधरा ते अठरा, राजमा वीस. मग वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने शिट्टी उचललीत तर पाणी उसळतं आणि दाण्याची सालं फाटतात. झाकण उघडून चार दाणे बोटांत चेपून बघा. चारही सहज चेपले पाहिजेत, एखादा अडला तर अजून पाच मिनिटं. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कडधान्याचा फेस वर येऊन शिट्टीचं भोक बुजतं. चमचाभर तेल घातलं की फेस दबतो. पाणी दाण्यांच्या वर दोन पेरं.

आणि मटकीला कुकर नकोच. मोडाची मटकी पसरट कढईत, वर पाण्याची थाळी झाकून, दहा-बारा मिनिटांत होते. दाणा अख्खा राहतो आणि बुडाला लागत नाही, कारण थाळीतलं गरम पाणी वेळ पडली की आत ओतता येतं.

मोडांचं एक. फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधून टांगायची पद्धत कोरड्या हवेतली. ठाण्याच्या पावसाळ्यात ती आतून चिकट होते, कुबट वास येतो. चाळणीत पसरून वर ओलं फडकं टाका आणि बारा तासांनी एकदा पाण्याखाली धरून निथळा. उन्हाळ्यात रात्री चाळणीत ठेवलेल्या मटकीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोड दिसतात, जानेवारीत पूर्ण दिवस-रात्र लागते. मोड आलेली मटकी आणि मूग न शिजवता डब्यात घालून फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. ही दोन कडधान्यं अशीच ठेवायची, शिजवून नाही. बुळबुळीत झाली तर जीव न अडकवता टाकून द्या.

सासूबाईंचं पोट. कडधान्यात काही साखरा अशा असतात की त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. यातल्या बऱ्याच भिजवलेल्या पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणी ‘त्यात सत्त्व आहे’ म्हणून वापरायचं नाही. मोड आणले की आणखी कमी होतात. त्यांना सुरुवातीला मोडाचे मूग आणि मसूर द्या, तेही वाटीभरच, पण आठवड्यातून तीन-चार वेळा. पंधरा दिवसांतून एकदा ताटभर छोले खाल्ले की कोणाचंही पोट तक्रार करणार. सवयीने त्रास कमी होत जातो. हिंग फोडणीत सढळ हाताने घाला. आणि कुकर उघडल्यावर वरचं पाणी, म्हणजे कढण, त्यांना गरम गरम, मिरपूड आणि तूप घालून द्या. मुगाचं असेल तर उत्तमच.

हिशोब सांगते. माणशी ५० ग्रॅम सुकं कडधान्य धरायचं, म्हणजे पाच जणांना पाव किलो. भिजून ते दुपटीहून थोडं जास्त भरतं. पाव किलो मटकी, चवळी किंवा हरभरे साधारण पंचवीस ते चाळीस रुपयांत येतात. मसूर आणि पांढरे वाटाणे त्याहून स्वस्त, छोले आणि राजमा थोडे वर, कडवे वाल बरेच वर. कांदा, खोबरं, तेल धरूनही पाच जणांची भाजी स्टेशनबाहेरच्या दोन प्लेट मिसळीपेक्षा कमीत बसते. १०० ग्रॅम सुक्या कडधान्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत जवळजवळ दोन अंड्यांएवढी. सोबत भात किंवा भाकरी हवीच. धान्यात जे कमी असतं ते कडधान्यात असतं, आणि उलट.

आता प्रत्यक्ष आठवडा. शनिवारी रात्री अर्धा किलो छोले भिजवा, वेगळ्या भांड्यात पाव किलो मटकी. रविवारी सकाळी छोले कुकरला, मटकी चाळणीत. छोले शिजले की सगळे एकदम मसाल्यात घालायचे नाहीत, इथेच मुलं कंटाळतात. निम्म्यांची रविवारची छोल्यांची भाजी करा, उरलेले नुसते उकडलेले कोरडे करून डब्यात. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढचे असतील तर लहान पिशव्यांतून फ्रीजरला, महिनाभर राहतात. शिजवलेलं कडधान्य ओट्यावर पडू देऊ नका, दोन तासांत आत गेलं पाहिजे.

सोमवारी संध्याकाळी उकडलेल्या छोल्यांत कांदा, टोमॅटो, कैरीचा तुकडा, चाट मसाला, वर शेव. मुलगा क्लासवरून आल्यावर खाईल आणि त्याला उसळ म्हणणार नाही. मंगळवारी मटकीची उसळ. बुधवारी उरलेले छोले जाडसर ठेचून, भाजणीत मिसळून थालीपीठ. भाजणी नसली तर ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन. माझ्या डब्यात ठेचलेल्या कडधान्याचं थालीपीठ सगळ्यात आधी संपायचं, आणि खाणाऱ्याला आत काय आहे त्याचा पत्ता नसायचा. मुलीच्या शाळेच्या डब्यालाही तेच, लहान-लहान थापून. बुधवारी रात्री चवळी किंवा वाटाणे भिजवा आणि पुढचं चक्र सुरू.

मटकीची उसळ सगळे करतात, तरी माझी रीत सांगते, कारण एकाच कढईतून तीन गोष्टी निघतात. दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की हळद, तिखट, मटकी, मीठ. थाळी झाकून वाफ. मऊ झाल्यावर गोडा मसाला, आमसुलं दोन, सुपारीएवढा गूळ, ओलं खोबरं. ही झाली पोळीशी खायची उसळ. यातली वाटीभर बाजूला काढून ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर कट ओतला की मिसळ. कट म्हणजे भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण यांचं वाटण, कांदा-लसूण मसाला, भरपूर पाणी आणि तेल सुटेपर्यंत उकळणं. ठाण्यातल्या माणसाला मिसळ शिकवायला मी जाणार नाही. तिसरं म्हणजे तीच उसळ कोरडी परतून, कांदा-लिंबू घालून कुरमुऱ्यांत. श्रावणात कांदा-लसूण वगळा, खोबरं थोडं वाढवा, चव बिघडत नाही.

अख्खा मसूर तर घाईच्या दिवसाचा राजा. सासरी धाब्यावर मिळतो तसा करायला दोन कांदे तेलात पार तांबूस होईपर्यंत परतायचे, आलं-लसूण भरपूर, कांदा-लसूण मसाला दीड चमचा, मग टोमॅटो, आणि शिजलेला मसूर त्याच्या पाण्यासकट. डावाने पाव भाग ठेचा, रस्सा आपोआप दाट होतो. भाकरी आणि कच्चा कांदा. कांदा तांबूस करायला जी दहा मिनिटं लागतात ती कापू नका, सगळी चव तिथेच आहे.

चवळीच्या आमटीला वाटणही नको. चवळी मऊ, फोडणीत लसूण आणि जिरं, आमसूल, गूळ, वर नारळाचं दूध मिळालं तर, नाहीतर खोबऱ्याची मूठ. माझ्या आईकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं सणासुदीला आंबोळ्यांबरोबर व्हायचं, पण त्याला धणे, मिरी, सुकं खोबरं भाजून वाटायचा खटाटोप आहे. कामाच्या दिवशी करू नका, गणपतीत करा.

वालाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ठाणे-रायगड पट्ट्यात राहून वाल न सांगणं मला जमायचं नाही. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर हे पीक येतं, आणि जानेवारीपासून पनवेल-अलिबागकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. खरं बोलायचं तर डाळिंब्या, म्हणजे मोड आणून सोललेले वाल, स्वस्तही नाहीत आणि सोप्याही नाहीत. भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून साल काढा. भिजवलेलं पाणी तर इथे हमखास फेकायचं, कडवटपणा त्यात उतरतो आणि सुक्या वालात थोडी विषारी द्रव्यंही असतात, ती भिजवून आणि पूर्ण शिजवूनच जातात. पण अर्धा किलो वाल घेऊन रविवारी दुपारी टीव्हीसमोर सासूबाई आणि दोन्ही मुलांना बसवलंत तर पाऊण तासात सोलून होतात. माझ्या नातवाला सालं नेम धरून वाटीत उडवायला आवडतं. सोललेल्या डाळिंब्या नाजूक असतात, त्यांना कुकर दाखवायचा नाही. फोडणीवर घालून झाकणावर पाणी ठेवून शिजवा, डाव न घालता कढई हलवा. आमची आगरी शेजारीण त्यात वांगं आणि शेवग्याची शेंग घालते, आणि तिच्यासारखं मला अजून जमलेलं नाही.

राहता राहिला तो दिवस, जेव्हा काहीच भिजवलेलं नसतं, फ्रीजमधला डबा रिकामा असतो आणि ट्रेन चुकून तुम्ही साडेआठला घरात शिरता. त्या दिवसासाठी डब्यात कुळथाचं पीठ ठेवा. भाजलेल्या कुळथाचं, कोकणी मालाच्या दुकानात मिळतं. भात लावा. कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, कांदा, हिरवी मिरची, हळद. पाच वाट्या पाणी, तीन आमसुलं, मीठ. उकळी आली की पाच-सहा मोठे चमचे पीठ थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवलेलं, ते एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. दहा मिनिटं बारीक आचेवर, पिठी गदगदायला लागली की बाजूला व्हा, अंगावर उडते. कुकरची वाफ जिरेपर्यंत पिठी तयार असते. सुकट किंवा पापड, जे असेल ते भाजून घ्या.